अण्णांची बाहेरची जेवणं

कुठल्या गावात काय चांगलं मिळतं हे माझ्या वडिलांना तोंडपाठ होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. प्राथमिक शाळेत मास्तर होते. नोकरीत अकरा गावांना बदल्या झाल्या आणि प्रत्येक गाव त्यांच्या लक्षात राहिलं ते तिथल्या हॉटेलावरून. एका गावची शेव, दुसऱ्या गावची भजी, तिसऱ्या गावात बाजाराच्या दिवशी मिळणारी येसर आमटी. आई म्हणायची, "शाळेत पोरं किती हुती ते इचारा, ते न्हाई सांगता यायचं." अण्णा हसायचे. खाण्यावरून कुणी चिडवलं की त्यांना बरंच वाटायचं.

आई गेली त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी घरी होते. पुढचं वर्षभर मात्र जाणं झालं नाही. मी पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते, भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते, डब्यावर जेवत होते, आणि शिवाय बी.एड.ची परीक्षा होती. घरची खबर अण्णांच्या पत्रांतून कळायची. दर पंधरा दिवसांनी त्यांचं अंतर्देशीय पत्र यायचं, सुवाच्य, एकही काना-मात्रा चुकलेला नसायचा. आमचे दादा-वहिनी पत्र लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यामुळे अण्णा जे लिहितील तेवढंच मला ठाऊक असायचं.

बहात्तरच्या दिवाळीची सुट्टी लागली तशी मी निघाले. नगरला एस.टी. बदलली आणि तिसगावच्या वाटेला लागल्यावर खिडकीबाहेर बघवेना. बाजरी वीतभर येऊन करपलेली होती. रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. तिसगावच्या फाट्यावर एक म्हातारा उभा होता, त्याच्या अंगावर सदरा काठीला अडकवल्यासारखा दिसत होता. मी त्याच्या बाजूनं पुढे गेले. त्यानं मागून हाक मारली तेव्हा कळलं, हे अण्णा.

"केवढे वाळलात!" मी म्हणाले.

"दुष्काळ आहे ना, पोरी. सगळेच वाळलेत."

मला ते पटलं. सगळेच वाळलेले होते.

दादा पाझर तलावाच्या कामावर मुकादम होता आणि वहिनी त्याच कामावर माती वाहत होती. घरची वीस एकर कोरडवाहू जमीन असलेली बाई पाटी उचलायला जाते, हे आदल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. ती दिवस मावळायला घरी आली, हातपाय धुतले आणि सरळ चुलीपुढे बसली. त्यांच्या दोन्ही मुली आत्या आली म्हणून माझ्या पिशवीभोवती घोटाळत होत्या.

जेवायला बसलो. वहिनीनं मला आणि दादाला दोन-दोन भाकरी वाढल्या, मुलींना भाकरीबरोबर गुळाचा खडा दिला. अण्णांच्या ताटात एकच भाकरी, पातळशी आमटी आणि कच्च्या मेथीचा घोळाणा. मग तिनं फळीवरचा डबा काढला. त्यात सणापुरते केलेले थोडे अनारसे होते. एक माझ्या ताटात, एक दादाच्या, अर्धा-अर्धा मुलींना. डबा झाकून परत फळीवर गेला. अण्णा त्या डब्याकडे बघत होते. माझी नजर वळल्यावर त्यांनी खाली पाहिलं.

मी माझा अनारसा उचलून त्यांच्या ताटात ठेवला.

"वन्सं, तुमी खा," वहिनी म्हणाली. "त्यांस्नी नगं."

"का नको?"

तिनं दादाकडे पाहिलं. दादा भाकरी मोडत राहिला. अण्णांनी तेवढ्यात अनारसा तोंडात टाकला होता. वहिनीचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, हिच्या हातचा घास हिसकावून घेतला जणू.

त्या घरात दोन दिवसांत मी आणखीही बघितलं. पाणी दीड मैलावरून यायचं आणि अण्णा तांब्यामागून तांब्या पीत होते. "किती पानी लागतं वो तुमाला, मामंजी," असं वहिनी रिकामा हंडा उचलताना म्हणाली, ते मी ऐकलं. चहा सगळ्यांना गुळाचा, अण्णांना काळा कोरा, बिनगुळाचा. मी मनात एकेक गोष्ट जोडत गेले. आई गेली, पोरगी पुण्यात, पेन्शन मुलाच्या हातात, आणि म्हाताऱ्याला अर्धपोटी ठेवताहेत. दुष्काळाचं वर्ष असल्यामुळे कुणी विचारायलाही येणार नाही. एवढी सरळ गोष्ट मला दुसरी कुठली वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "पाथर्डीला पेन्शनचं जरा काम आहे. येतेस?"

काम पाच मिनिटांत आटोपलं. मग ते मला बाजारपेठेतून एका बोळात घेऊन गेले. बाहेर कढई, आत चार बाकं. मालक त्यांचा विद्यार्थी निघाला. "या गुरुजी, लई दिसांनी!" म्हणत त्यानं उपरण्यानं बाक पुसलं. मी आत पाऊल टाकताच बाकांवरची बोलणी थांबली. बाईमाणूस हॉटेलात बसायची पद्धत नव्हती तेव्हा. मालकानं कोपऱ्यात दोरीवर एक गोणपाट टाकून आडोसा केला आणि त्यामागे आम्हा दोघांना बसवलं.

अण्णांनी भजी मागवली, मग पुरी-भाजी, मग जिलेबी. मी माझं खाणं विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. ते घाईघाईनं खात होते, बोटांवरचा पाक चाटत होते. ताट स्वच्छ झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला.

"घरी पोटभर मिळत नाही का, अण्णा?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "घरी सांगू नकोस, काय खाल्लं ते."

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पण मला उत्तर मिळालं असं मी धरून चालले.

मग त्या सुट्टीत आमचा तोच उद्योग झाला. अण्णा गाव सुचवायचे, मी पिशवी उचलायची. कधी पेन्शनचं निमित्त, कधी जुन्या सहकाऱ्याला भेटायचं निमित्त. मिरीला एका म्हातारीच्या खानावळीत पिठलं आणि तूप-गूळ खाल्ला. असं पिठलं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. एका फाट्यावर उकडलेल्या बटाट्याचा वडा मिळाला, बाहेरून कुरकुरीत, आत आल्याचा झणका. अण्णांना सगळं आठवत होतं: कुठल्या मालकाचा हात सढळ, कुणाकडे दुपारनंतर जाऊ नये, कुणाच्या पेढ्यात खवा खरा. खरं सांगायचं तर मीसुद्धा सुखावले होते. पुण्याच्या खोलीत एकटीनं डबा खाणारी मी, बापाबरोबर गावोगाव हिंडत होते, आणि बापाचं पोट भरत होते. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

घोडेगावला गेलो तो दिवस मात्र मला तेव्हाही सुखानं गेला नाही. जनावरांच्या बाजाराला त्या वर्षी पाय ठेवायला जागा नव्हती. चारा नव्हता म्हणून माणसं दावणच्या दावण घेऊन आली होती. बरगड्या निघालेले बैल, कास सुकलेल्या गाई, आणि घेणारे बहुतेक कसाबखान्याचे. तरी बाजाराशेजारच्या खानावळी तुडुंब भरलेल्या. अण्णांना तिथली एक जागा माहीत होती. आमच्या समोरच्या बाकावर एक शेतकरी बसला होता, गुडघ्यावर रिकामी वेसण ठेवून. त्यानं ताट मागवलं होतं पण त्याला हात लावला नव्हता. खानावळवाला म्हणाला, "पाव्हणं, जेवा की." तो म्हणाला, "जेवतो," आणि तसाच बसून राहिला.

मी माझं ताट बाजूला सरकवलं. अण्णांनी तेव्हा बालूशाही मागवली होती. "दोन आण," त्यांनी सांगितलं आणि मला म्हणाले, "इथली चुकवू नये." त्यांनी माझ्या वाट्याचीही खाल्ली. समोरच्या माणसाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

परतताना ते लंगडत होते. नव्या वहाणेनं अंगठ्याला चावा घेतला होता. मी पाहिलं तर चांगला मोठा फोड आला होता. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणाले, "छे, कळतसुद्धा नाही." घरी येऊन मी त्याला हळद-तेल लावून चिंधी बांधली.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. अण्णा पडवीत जाऊन आडवे झाल्यावर ती माझ्याजवळ आली. दिवसभर माती वाहून तिचे हात फुटलेले होते, ते ती पदराला पुसत होती.

"वन्सं, एक सांगू? त्यांस्नी भाईरचं नका चारू."

मी बरेच दिवस वाट बघत होते या क्षणाची.

"घरचं मिळालं असतं तर बाहेर कशाला गेलो असतो, वहिनी?"

तिचे पुसणारे हात थांबले.

"एक भाकरी. कोरा चहा. मुलींना गूळ, आम्हाला अनारसे, आणि ज्यानं हे घर उभं केलं त्याच्यापुढं घोळाणा. पाणीसुद्धा मोजता तुम्ही त्यांचं. आई असती तर तुमची छाती झाली असती का?"

मुली आतून बघत होत्या. दादा अंगणात होता, तो आत आला. "ए बाई," तो म्हणाला, "तुला ठावं न्हाई तर..."

"दादा!" पडवीतून अण्णांची हाक आली. मास्तरांचा आवाज होता तो, वर्गातला. दादा जागच्या जागी थांबला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ती चुलीकडे निघून गेली.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी मनात म्हटलं, वर्मी लागलं म्हणून बोलत नाही.

मी निघाले त्या दिवशी अण्णा मला पोचवायला नगरपर्यंत आले. पाय ओढत होते, पण ऐकेनात. नगरला स्टँडजवळ एक मोठं हॉटेल होतं, बायकांसाठी वेगळी खोली असलेलं. तिथं आम्ही पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड असं ताट घेतलं. अण्णांनी श्रीखंड दुसऱ्यांदा मागून घेतलं. पुण्याची गाडी सुटताना ते खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "उन्हाळ्यात श्रीगोंद्याकडं जाऊ. तिकडं एक जण आहे, रसवंतीच्या शेजारी..." गाडी हलली म्हणून पुढचं ऐकू आलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पत्ता दादाच्या हातचा होता. वाकड्यातिकड्या अक्षरांत एवढंच: अण्णांला नगरच्या दवाखान्यात ठेवलं हाय. पाय काळा पडला. निघून ये.

मी पोचले तेव्हा पाय गुडघ्याखाली काढून झाला होता. अण्णा गुंगीत होते. चादर एका बाजूला सपाट होती. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी असताना डॉक्टर आले. मीच शिकलेली दिसले म्हणून मला विचारू लागले.

"साखर केव्हापासून आहे यांना?"

"कसली साखर?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मधुमेह. पोराला विचारलं तर म्हणतो वर्ष झालं. गोळ्या चालू होत्या, पथ्य पाळत होते म्हणतो. मग रक्तात साखर इतकी वाढली कशी? दिवाळीत गोडधोड खाल्लं का?"

मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले.

वहिनी बाहेर ओसरीत बसली होती. चार दिवस ती तिथंच होती, अण्णांचं सगळं तीच करत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली हुती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, दमलेला होता. "गेल्या साली चक्कर येऊन पडलं, तवा हितंच आनलं हुतं. डाक्टरनं सांगितलं, गोड बंद, गूळ बंद, भाकर येकच. मामंजी म्हनलं, पोरीला कळवायचं न्हाई. रक्तातला आजार हाय म्हनत्यात, आईबापाकडनं लेकरात उतरतो. असं भाईर गेलं तर पोरीचं लगीन कोन करंल? सांगितलं तर गोळ्या फेकून दीन म्हनलं."

"पण मी त्यांना नेत होते तेव्हा तरी..."

"सांगितलं की तुमाला. भाईरचं चारू नका म्हनलं." ती थांबली. "मंग तुमी बोलला. त्याच्यावर मी काय बोलायचं हुतं?"

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले, तर तिनं पाय आखडून घेतले. "नगं वन्सं. लोकं बघत्यात."

अण्णा शुद्धीवर आल्यावर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. राग होता, आणि तो त्यांच्यावर काढावा की स्वतःवर, हे कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना पेज भरवताना राहवलं नाही.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं. जिलेबी खाताना, बालूशाही खाताना, दर वेळी माहीत होतं."

"होतं."

"मी वहिनीला काय काय बोलले, ते पडवीतून ऐकलंत."

त्यांनी मान फिरवली. खिडकीकडे बघत म्हणाले, "वर्षभर सगळे मला नकोच म्हणत होते. तू एकटी खा म्हणालीस. आणि माझ्या बाजूनं भांडलीस. मला बरं वाटलं, पोरी. आता काय सांगू?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मला त्यांची दया आली नाही. ते मी आज लपवत नाही. त्यांनी माझ्या लग्नासाठी आजार लपवला हे खरं असेल. पण तोंडाला चटक लागली म्हणून सुनेला माझ्या तोंडून शिव्या खायला लावल्या, हेही तितकंच खरं. मी वाटी ठेवून बाहेर गेले. उरलेली पेज वहिनीनं भरवली.

ते पुढचे पाच महिने जगले. मी रजा काढून दोनदा जाऊन आले, पैसे आणि औषधं पाठवत राहिले. त्यांना उचलणं, अंघोळ घालणं, जखम पुसणं, हे सगळं वहिनी करत होती, आणि सकाळी उठून कामावरही जात होती. अण्णांची पत्रं आली नाहीत. दादाचं एखादं यायचं, तीन ओळींचं. उन्हाळा संपता संपता दुसऱ्या पायालाही लागण झाली आणि त्यातच ते गेले. पाऊस अजून आलेला नव्हता. अंत्यविधीच्या आंघोळीचं पाणी टँकरवरून मागून आणावं लागलं.

तेराव्यानंतर माणसं पांगली. मी दुपारच्या गाडीनं निघणार होते. वहिनी परसात भांडी घासत होती. मी माझी बॅग बाहेर आणून ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. मोठ्या मनानं पोटात घाला."

तिनं राखेचे हात तसेच ठेवले आणि वर पाहिलं.

"येक इचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"तुमाला खरंच वाटलं हुतं का, मी म्हाताऱ्या मानसाला उपाशी ठेवीन?"

मी नाही म्हणू शकले असते. तिलाही बहुतेक तेच ऐकायचं होतं. रागाच्या भरात बोलले, मनात नव्हतं, असं काहीतरी. पण इतक्या महिन्यांनंतर तिच्याशी आणखी एक खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"हो," मी म्हणाले. "वाटलं होतं."

तिनं मान हलवली, जणू एवढंच ठरवायचं राहिलं होतं. मग ती खाली वाकून पातेलं घासू लागली. दादा बॅग उचलून फाट्यापर्यंत आला आणि गाडी येईपर्यंत उभा राहिला.

माझं लग्न झालं नाही. त्याला अण्णांचा आजार कारण नव्हता, दुसरी कारणं होती. त्या घरी मी त्यानंतर दोनदाच गेले, दोन्ही भाच्यांच्या लग्नांना. दोन्ही वेळा वहिनीनं माझं सगळं रीतीनं केलं. कुंकू लावलं, साडी दिली, ताट वाढलं. माझ्या शेजारी जेवायला मात्र ती बसली नाही.